न्यूक्लिओ-एफ४४६आरई बोर्ड: घ्यावा का, आणि घेतल्यावर पॉवर कुठून द्यावी

न्यूक्लिओ हा मायक्रोकंट्रोलरवर प्रयोग करण्यासाठीचा तयार बोर्ड. नवा कोरा न्यूक्लिओ पाकिटातून काढून मोबाइलच्या चार्जरला लावला, तर पॉवरचा लाल एलईडी पेटत नाही आणि मायक्रोकंट्रोलर ढिम्म राहतो. बोर्ड बिघडलेला नसतो. चार्जर कोणत्याही यूएसबी चौकशीला उत्तर देत नाही, आणि उत्तर मिळाल्याशिवाय हा बोर्ड आपल्या मुख्य चिपला पॉवर सोडत नाही. तशी त्याची रचनाच आहे. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या या बोर्डाबद्दलच्या बऱ्याच तक्रारी अशा पॉवरच्याच असतात आणि चार जम्पर, म्हणजे पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्यांच्या जागा, समजून घेतले की त्या सुटतात. म्हणून या परीक्षणात चिपच्या वेगापेक्षा पॉवरवर जास्त लिहिलं आहे.

आधी बोर्डाची ओळख. चिप एसटीएम३२एफ४४६आरई, कॉर्टेक्स-एम४ गाभ्याची, फ्लोटिंग पॉइंट युनिटसह. कमाल वेग १८० मेगाहर्ट्झ, ५१२ किलोबाइट फ्लॅश, १२८ किलोबाइट रॅम, ६४ पायांचं पॅकेज. आर्डुइनो ऊनोच्या मापाचे सॉकेट वरच्या बाजूला आहेत आणि दोन्ही कडांना मॉर्फो नावाच्या दुहेरी पिनांच्या रांगा, ज्यांवर चिपचे जवळजवळ सगळे पाय मिळतात. वरच्या तुकड्यावर एसटी-लिंक/व्ही२-१ हा प्रोग्रॅमर आणि डिबगर बसवलेला आहे, त्यामुळे वेगळा प्रोग्रॅमर विकत घ्यावा लागत नाही. एका यूएसबी केबलवर प्रोग्रॅमिंग, डिबगिंग आणि सीरियल पोर्ट अशी तिन्ही कामं होतात. इतकं सगळं एका बोर्डात नीट बसवलेलं असणं ही माझ्या मते याची सर्वांत मोठी जमेची बाजू.

पाकिटात केबल नसते. बोर्डावरचं सॉकेट मिनी-बी आहे, मायक्रो नाही आणि सी तर नाहीच. घरातल्या ड्रॉवरमध्ये आता ही केबल सापडणं कठीण, त्यामुळे मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, बोर्ड घ्यायला जाल तेव्हा केबलही तिथेच घ्या. बरीच दुकानं रविवारी बंद असतात, तेव्हा तो दिवस सोडून जा. केबल घेताना ‘डेटा केबल’ असं स्पष्ट सांगा. आत दोनच तारा असलेली चार्जिंगची केबल बाहेरून अगदी तशीच दिसते. शंका असेल तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून ए टोकाच्या मधल्या दोन पट्ट्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचतात का ते बघा. बोर्डाचं पाकीट सीलबंद असावं आणि बिल जीएसटीचं घ्यावं. बदलून घ्यायची वेळ आली तर त्याशिवाय बोलायला जागा राहत नाही.

केबल लावण्याआधी चार ठिकाणी नजर टाका. जेपी५ हा तीन पिनांचा जम्पर यू५व्ही बाजूला, म्हणजे १ आणि २ वर असावा. त्याचा अर्थ पॉवर यूएसबीकडून येणार. जेपी१ उघडा, म्हणजे टोपीशिवाय असावा. जेपी६, ज्याच्याशेजारी आयडीडी छापलेलं आहे, बंद असावा, म्हणजे त्यावर टोपी बसलेली असावी. एसटी-लिंकला मुख्य चिपशी जोडणाऱ्या सीएन२ वरच्या दोन्ही टोप्या जागेवर असाव्यात. कारखान्यातून बोर्ड असाच येतो, पण कॉलेजच्या लॅबमधून फिरून आलेल्या बोर्डावर यातली एखादी टोपी हमखास गायब असते. जेपी६ ची टोपी नसेल तर लाल एलईडी पेटलेला दिसतो, बोर्ड जिवंत वाटतो, पण मुख्य चिपच्या व्हीडीडीला, म्हणजे पॉवरच्या पिनेला, पॉवरच पोचत नाही. हा दोष शोधताना लोक ड्रायव्हर पुन्हा टाकतात, कोड लिहायचं सॉफ्टवेअर (आयडीई) पुन्हा टाकतात, आणि कारण असतं ती बोटभरही नसलेली टोपी.

सगळं जागेवर असेल तर कॉम्प्युटरला जोडताच एलडी३ हा लाल एलईडी आणि एलडी१ पेटतात आणि एलडी२ हा हिरवा एलईडी लुकलुकतो. निळं बटण बी१ दाबलं की लुकलुकण्याची गती बदलते. हा आधीच भरलेला नमुना प्रोग्रॅम. तो एकदा चालताना बघून घ्या आणि मगच आपला कोड टाका, कारण पुढे काही अडलं तर हार्डवेअर ठीक होतं एवढं तरी नक्की राहतं.

आता आत काय घडतं ते. केबल लावली की आधी फक्त एसटी-लिंकचा भाग जागा होतो. तो कॉम्प्युटरकडे ३०० मिलिअँपिअरची मागणी करतो. कॉम्प्युटरने होकार दिला की मधला पॉवर स्विच चालू होतो, मुख्य चिपला पॉवर मिळते आणि एलडी३ पेटतो. नकार आला तर स्विच बंदच राहतो. इथेच स्वस्त यूएसबी हब घात करतो. ज्या हबला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर नाही, त्याला यूएसबी २.० च्या नियमानुसार प्रत्येक पोर्टला १०० मिलिअँपिअरच देता येतात, मग ३०० ची मागणी मंजूर कशी होणार? म्हणून पहिल्यांदा जोडताना बोर्ड थेट लॅपटॉपच्या पोर्टात घाला. लॅपटॉपला फक्त सी पोर्ट असेल तर साधा सी-टू-ए कनेक्टर पुरतो.

एलडी१ कडे बघायची सवय लावून घ्या, तो बरंच काही सांगतो. लाल रंगात सावकाश लुकलुकत राहिला तर कॉम्प्युटरशी बोलणंच सुरू झालेलं नाही: केबल चार्जिंगची आहे किंवा समोर चार्जर आहे. स्थिर लाल म्हणजे कॉम्प्युटरशी ओळख पूर्ण झाली. लाल-हिरवा आलटून पालटून म्हणजे चिपशी देवाणघेवाण चालू आहे, स्थिर हिरवा म्हणजे ती नीट पार पडली. नारिंगी दिसला तर चिपशी संपर्क तुटला. नारिंगी दिसल्यावर आधी जेपी६ आणि सीएन२ तपासा. दोन्ही ठीक असतील तर बहुधा तुमच्याच कोडने पीए१३ किंवा पीए१४ या डिबगिंगच्या पिना दुसऱ्या कामाला लावल्यात, किंवा चिप गाढ झोपेच्या मोडमध्ये गेली आहे. एसटीएम३२क्यूबप्रोग्रॅमर या एसटीच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘कनेक्ट अंडर रीसेट’ निवडून जोडलं की चिप हाती येते. तेही जमलं नाही तर सीएन७ च्या ५ आणि ७ या पिना टोपीने जोडा, त्याने बूट०, म्हणजे चालू होताना कोड कुठून घ्यायचा हे ठरवणारी पिन, वरच्या पातळीला जाते. मग रीसेट द्या, फ्लॅश पुसा आणि टोपी काढायला विसरू नका. ती राहिली तर नवा कोड व्यवस्थित भरला जाऊनही चालू होणार नाही.

चार्जर किंवा पॉवर बँकेवर बोर्ड चालवायचाच असेल तर जेपी१ बंद करा. मग परवानगीची वाट न पाहता मुख्य चिपला पॉवर मिळते. याला अट एक आहे: जेपी१ बंद असताना बोर्ड आणि त्यावर बसवलेल्या शील्डने (जोडबोर्डाने) मिळून १०० मिलिअँपिअरच्या आत राहावं. पॉवर बँकेची आणखी एक गोम आहे. खेचला जाणारा करंट फारच कमी दिसला की फोन भरला असं समजून ती स्वतःहून बंद होते. एकटा न्यूक्लिओ इतका कमी खातो की काही पॉवर बँका थोड्याच वेळात झोपतात. लोकलच्या प्रवासात किंवा गच्चीवर डेटा गोळा करणारा प्रकल्प असेल तर आधी घरी तासभर लावून बघा. कमी करंटचा मोड असलेली पॉवर बँक मिळाली तर तीच घ्या.

३०० मिलिअँपिअर ऐकायला पुरेसे वाटतात, प्रत्यक्षात लवकर संपतात. बाजारात सर्रास मिळणाऱ्या निळ्या ५ व्होल्ट रिलेची एक कॉइल साधारण ७० मिलिअँपिअर घेते, म्हणजे चार रिलेच्या मॉड्यूलने सगळे रिले एकदम ओढले की यूएसबीची मर्यादा तिथेच गाठली. छोटा सर्व्हो मोटर अडकला की एकटाच ती ओलांडतो. सिम८००एल सारख्या जीएसएम मॉड्यूलचा विचार तर यूएसबीवर करूच नये. ते प्रक्षेपणाच्या क्षणी २ अँपिअरपर्यंत झटका घेतं आणि त्याला ३.४ ते ४.४ व्होल्टच लागतात, म्हणजे ना ५ व्होल्टची पिन उपयोगी ना ३.३ ची. त्याला स्वतंत्र सप्लाय द्या, जवळ मोठा कपॅसिटर लावा आणि बोर्डाशी फक्त ग्राउंड व सिग्नल जोडा.

बाहेरून पॉवर द्यायचे दोन सरळ रस्ते आहेत. पहिला ई५व्ही, सीएन७ ची ६ नंबरची पिन: ४.७५ ते ५.२५ व्होल्ट, कमाल ५०० मिलिअँपिअर. दुसरा व्हीआयएन, सीएन६ ची ८ किंवा सीएन७ ची २४ नंबरची पिन: ७ ते १२ व्होल्ट. दोन्हींसाठी जेपी५ ई५व्ही बाजूला, म्हणजे २ आणि ३ वर न्यावा लागतो. व्हीआयएनचे करंटचे आकडे मात्र व्होल्टेजप्रमाणे घसरतात: ७ व्होल्टला ८०० मिलिअँपिअर, ९ व्होल्टपर्यंत ४५०, १२ व्होल्टपर्यंत फक्त २५०. याचं कारण आकडेमोडीत लगेच दिसतं. आतला रेग्युलेटर लिनियर आहे, वरचं सगळं व्होल्टेज तो उष्णतेत घालवतो. १२ मधून ५ वजा केले तर ७ व्होल्ट, गुणिले ०.२५ अँपिअर, म्हणजे १.७५ वॉट. ९ व्होल्टला ४ गुणिले ०.४५, म्हणजे १.८ वॉट. ७ व्होल्टला २ गुणिले ०.८, म्हणजे १.६ वॉट. तिन्ही वेळा उष्णता जवळपास तेवढीच. मे महिन्यात बंद खोक्यात ठेवलेल्या बोर्डाला तेवढीही सोसवेल असं धरू नका, बरीच मोकळीक ठेवा. मी ७.५ किंवा ९ व्होल्टचाच अ‍ॅडॅप्टर सुचवेन.

अ‍ॅडॅप्टर घेताना जड, ट्रान्सफॉर्मरवाला, रेग्युलेशन नसलेला प्रकार टाळा. त्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी भार नसताना त्यातून १५-१६ व्होल्ट निघतात आणि बोर्डाची मर्यादा १२ ला संपते. दुकानातच मीटर लावून बघायला सांगा, लॅमिंग्टन रोडवर याचं कुणाला नवल वाटत नाही. प्लस-मायनसही मीटरनेच ठरवा, तारेच्या रंगावर विसंबू नका.

जोडण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी जेपी५ ई५व्ही बाजूला न्या, जेपी१ ची टोपी काढलेली आहे याची खात्री करा, बाहेरचा सप्लाय जोडा, चालू करा, एलडी३ पेटला का बघा, आणि सगळ्यात शेवटी यूएसबी केबल लावा. उलट केलं तर सुरुवातीचा काही काळ सगळा भार कॉम्प्युटरच्या पोर्टावर येतो. तो ३०० मिलिअँपिअरच्या वर असेल तर पोर्ट करंट रोखतो किंवा त्याला इजा होऊ शकते.

तिसरा रस्ता थेट ३.३ व्होल्टच्या पिनेवर ३.० ते ३.६ व्होल्ट देण्याचा. बॅटरीवरच्या उपकरणासाठी तो मोहक वाटतो, पण त्यात एसटी-लिंकला पॉवर मिळत नाही. म्हणजे प्रोग्रॅमिंग नाही, डिबगिंग नाही, आणि ज्याकडे सहसा लक्ष जात नाही ती गोष्ट म्हणजे घड्याळही नाही. या बोर्डावर मुख्य चिपसाठी वेगळा क्रिस्टल बसवलेला नसतो, एक्स३ ची जागा रिकामी असते. ८ मेगाहर्ट्झचं घड्याळ एसटी-लिंककडून येतं. एसटी-लिंक बंद तर एचएसई, म्हणजे चिपला बाहेरून मिळणारं घड्याळ, बंद, आणि एचएसईवर बेतलेला कोड सुरुवातीलाच एररमध्ये अडकतो. यूएसबीवर छान चालणारा प्रोग्रॅम बॅटरीवर मुका होण्याचं हे नेहमीचं कारण. वरचा तुकडा मोडून वेगळा केला तरी हेच होतं, आणि मोडता यावा म्हणून तर तिथे खाचा दिलेल्या आहेत. उपाय दोन: एक्स३ वर क्रिस्टल आणि त्याचे दोन कपॅसिटर लावून सोल्डर ब्रिज (बोर्डावरचे सोल्डरने जोडायचे-तोडायचे बिंदू, एसबी नावाचे) त्याप्रमाणे बदला, किंवा चिपच्या आतल्या १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर, म्हणजे एचएसआयवर, कोड चालवा. सीरियल पोर्टसाठी एचएसआय पुरतं. कॅन बससाठी क्रिस्टलच हवा.

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर आकडेही घ्या. क्यूबएमएक्स या एसटीच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एचएसईसाठी ‘बायपास क्लॉक सोर्स’ निवडा, ‘क्रिस्टल’ नाही. ८ मेगाहर्ट्झवर पीएलएलएम ४, पीएलएलएन १८०, पीएलएलपी २ ठेवले की १८० मेगाहर्ट्झ मिळतात. चिपच्या आतल्या बसपैकी एपीबी१ ला ४ ने आणि एपीबी२ ला २ ने भागा, त्यांच्या मर्यादा अनुक्रमे ४५ आणि ९० मेगाहर्ट्झ आहेत. ३.३ व्होल्टवर फ्लॅशचे ५ वेट स्टेट लागतात आणि १८० साठी ओव्हरड्राइव्ह चालू असावा लागतो. एचएसआय वापरत असाल तर पीएलएलएम ८ करा, बाकी तसंच. सीरियल पोर्ट यूएसएआरटी२ वर आहे, पीए२ आणि पीए३. ते एसटी-लिंकला जोडलेले असल्यामुळे आर्डुइनो सॉकेटवरच्या डी० आणि डी१ या पिना मुळात रिकाम्या असतात. त्या वापरणारं शील्ड चालत नाही म्हणून शील्ड परत करू नका. एसबी१३ व एसबी१४ उघडा आणि एसबी६२ व एसबी६३ जोडा, मात्र मग यूएसबीवरचा सीरियल पोर्ट गेला असं समजा. लिनक्सवर पोर्ट सहसा टीटीवायएसीएम० या नावाने दिसतो. उघडत नसेल तर वापरकर्त्याला डायलआउट गटात घाला.

ए० ते ए५ वर ३.३ व्होल्टच्या वर काहीही नेऊ नका. ऊनोसाठी बनलेले ५ व्होल्टचे अ‍ॅनालॉग सेन्सर सॉकेटमध्ये अचूक बसतात, म्हणून ही चूक सहज होते. १० आणि २० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून भाग करा: ५ चे ३.३३ होतात. सेन्सर अगदी ५ पर्यंत जात असेल तर १२ आणि २० घ्या, म्हणजे ३.१ वर थांबेल.

करंट मोजण्यासाठी जेपी६ ची सोय मला या बोर्डाची फार आवडलेली गोष्ट. टोपी काढा, तिथे मीटर मिलिअँपिअरवर लावा, चिपचा स्वतःचा करंट दिसतो. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मात्र चिप जागी असताना जाऊ नका, कारण त्या रेंजचा आतला रेझिस्टर मोठा असतो, त्यावर व्होल्टेज पडतं आणि चिप वारंवार रीसेट होते. आधी मिलिअँपिअरवर चालू करा, चिप झोपली की टोपी परत बसवा, आणि मीटरची रेंज बदलून झाल्यावरच ती पुन्हा काढा. डिबगर जोडलेला असताना घेतलेला झोपेचा आकडा खोटा असतो. डिबग सत्र बंद करा, सीएन२ च्या टोप्या काढा, बोर्डाची पॉवर एकदा पूर्ण घालवून परत द्या आणि मग मोजा. एलडी२ पीए५ वर आहे, तो पेटलेला असेल तर त्याचाही करंट या आकड्यात येतो.

सीएन२ च्या टोप्या काढल्या की एसटी-लिंक तुमच्या स्वतःच्या बोर्डासाठी मोकळा होतो. सीएन४ वर क्रमाने व्हीडीडी टार्गेट, क्लॉक, ग्राउंड, डेटा, रीसेट आणि एसडब्ल्यूओ अशा सहा पिना आहेत. पहिली पिन पॉवर देत नाही, ती समोरच्या बोर्डाचं व्होल्टेज फक्त वाचते, तेव्हा समोरच्या बोर्डाला त्याची पॉवर वेगळी हवी. रीसेट वापरणार असाल तर एसबी१२ उघडा, नाहीतर न्यूक्लिओवरची चिपही त्याच तारेला बांधलेली राहते. लॅमिंग्टन रोडवर मिळणारे नकली एसटी-लिंक डोंगल स्वस्त असतात, पण त्यांच्यावर फर्मवेअर अपडेट आणि सीरियल पोर्टचा भरवसा देता येत नाही. वर्षभर काम करायचं असेल तर या एकाच कारणासाठीही न्यूक्लिओ घेण्यासारखा आहे.

उणिवा सांगायलाच हव्यात. मिनी-बी सॉकेट आता जुनं झालं. क्रिस्टल न देण्यातली बचत शेवटी वापरणाऱ्याच्या वेळेवर पडते. आणि मॉर्फोच्या पिना खालच्या बाजूलाही लांब बाहेर आलेल्या आहेत. अॅल्युमिनियमच्या लॅपटॉपवर, स्टीलच्या टेबलावर किंवा सोल्डरच्या कापलेल्या तारांवर बोर्ड ठेवला की शॉर्ट ठरलेला. नायलॉनचे स्पेसर लावा, किंवा निदान खाली जाड पुठ्ठा घ्या. पावसाळ्यात बोर्ड उघडा ठेवू नका. समुद्राकडच्या दमट हवेत जम्परच्या टोप्या आणि पिना काळवंडतात आणि मग जेपी६ वर टोपी असूनही चिप मधूनमधून बंद पडते. झिप पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, आणि असा दोष दिसला तर आधी टोपी दोन-चारदा आत-बाहेर करून बघा.

जुन्या चाळींत आणि इमारतींत प्लगला अर्थिंग नसतं, दोन पिनांच्या चार्जरवरच्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात. तोच तरंगता ग्राउंड यूएसबीमधून बोर्डापर्यंत पोचतो. अर्थिंग असलेला ऑसिलोस्कोप किंवा बेंच सप्लाय जोडताना सिग्नलच्या आधी ग्राउंडची क्लिप लावा आणि शक्य असेल तर त्या वेळेपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

मायक्रोकंट्रोलरला पहिल्यांदाच हात लावणाऱ्या आणि फक्त सेन्सर वाचून एलईडी लावायचा असलेल्या विद्यार्थ्याला ऊनोच पुरेल, त्याला हे सगळे जम्पर नकोत. ज्याला टायमर, डीएमए, कॅन, मोटर कंट्रोल किंवा डिबगर लावून ओळीओळीने कोड चालवणं शिकायचं आहे, त्याने निळ्या रंगाच्या स्वस्त बिनब्रँड बोर्डावर वेळ न घालवता हा घ्यावा. त्या बोर्डांवर कोणती चिप निघेल याची खात्री नसते, आणि कोड चुकला की चिप चुकली हे शोधण्यात कितीतरी संध्याकाळी वाया जातात. सोबत एक मिनी-बी डेटा केबल, ९ व्होल्टचा रेग्युलेटेड अ‍ॅडॅप्टर, २.५४ मिलिमीटरच्या जम्पर टोप्यांची पाच-दहाची पुडी आणि चार नायलॉन स्पेसर एकाच फेरीत घ्या. टोप्या नक्की घ्या, कारण पहिली हरवते ती जेपी६ ची.